करवंटीवरचा पांढरा पक्षी

पाखरांना दाणे घालायला मी सुरुवात केली ती त्यांना हाकलण्यासाठी.

तुळजापुरात आमचा छोटा लॉज आहे. खाली ऑफिस आणि आमचं घर, वर भाविकांच्या आठ खोल्या. पुढचं सगळं माझे मिस्टर बघतात: गाड्या कुठं लावायच्या, आधार कार्डाच्या झेरॉक्स, गरम पाणी कधी येणार याची उत्तरं. मागचं माझ्याकडं. मागं मोकळी जागा आहे, कडेला जुना कडुलिंब, एक शेवगा, दोन पपया, आणि मधे लोखंडी खांबांना बांधलेल्या तारा. तारांवर रोज चादरी आणि उशांचे अभ्रे. चादर पांढरीच लागते. रंगीत घातली की लोकांना वाटतं, काहीतरी लपवायलेत.

लिंबावरच्या साळुंक्या आणि होले नेमके या चादरींवर घाण करायचे. मी यादी करणारी बाई आहे. फ्रिजच्या दारावर माझी रोजची यादी असते, आणि त्यात बरेच दिवस ‘पाखरांचा बंदोबस्त’ असं एक काम पडून होतं. चकाकणाऱ्या फिती बांधल्या, जुन्या सीडी टांगल्या. साळुंक्या सीडीत तोंड बघून परत तारेवर यायच्या. मग विचार केला, की यांना इथून उठवायचं तर दुसरीकडं बसायला काहीतरी कारण द्यावं लागेल.

करवंट्यांना आमच्याकडं तोटा नाही. दर्शनाहून आलेले लोक खोलीत नारळ फोडतात, खोबरं खातात आणि करवंटी खिडकीत ठेवून जातात. चार करवंट्यांना भोकं पाडली, तार ओवली आणि अंगणाच्या दुसऱ्या टोकाला, शेवग्याच्या फांदीला टांगल्या. एकीत ज्वारी, एकीत करडई, एकीत पपईची फोड, एकीत पाणी. पाण्याची करवंटी उथळ निघाली, म्हणून तिच्याऐवजी पुढं एक मातीचं परळ ठेवलं.

“आता यांच्याकडनं भाडं कधी घ्यायचं?” मिस्टरांनी विचारलं. “चेकआउट दुपारी बाराला सांगितलंय ना?”

चादरी बऱ्यापैकी वाचल्या. काम यादीतून खोडलं. पण एक गोष्ट मी धरली नव्हती. साळुंक्या आणि होल्यांच्या मागोमाग दुसरेच यायला लागले. हिरवे पोपट करडईवर तुटून पडायचे आणि खाण्यापेक्षा सांडायचेच जास्त. टोपी घातल्यासारखे बुलबुल जोडीनं यायचे. एका सकाळी पाण्यावर एवढासा पक्षी बसला होता, काळा वाटला, आणि मान वळवल्यावर उन्हात असा जांभळा चमकला की माझ्या हातातली बादली तशीच राहिली. शेवग्याच्या फुलांवर येणारा शिंजीर होता तो. मोबाइलवर चित्रं बघून नाव शोधलं. तेव्हापासून फ्रिजच्या यादीशेजारी दुसरा कागद लागला, आज कोण आलं याचा. पंचेचाळिशी ओलांडलेल्या, सकाळी पाचपासून गिझर आणि गाद्या मोजणाऱ्या बाईला हा नाद कशाला, असं मलाही वाटायचं. दिवस चांगला जायचा, एवढं खरं.

पण मी दिवसभर मागं बसू शकत नाही. मागं बसायच्या त्या आमच्या सासूबाई. मी त्यांना आत्या म्हणते.

लिंबाखाली त्यांची खुर्ची. त्यांचं काम म्हणजे डाग. तुळजापूरला आलेला माणूस कपाळाला हळदीकुंकवाचा मळवट भरूनच परततो, आणि तसाच उशीवर आडवा होतो. कुंकू धुण्यात निघतं. हळद हट्टी. साबण लागला की ती आधी लाल होते, धुतली की फिकी पिवळी होऊन बसते, आणि मग तिला नुसतं ऊन दाखवत राहायचं. किती ऊन, हे डागावर. आत्या प्रत्येक अभ्रा डोळ्यांसमोर धरायच्या. डाग उरला असेल तर परत तारेवर, गेला असेल तर घडी घालून मांडीवर. लॉज सुरू झाल्यापासून हे काम त्यांचंच. त्यांनी घडी घातलेला अभ्रा मी कधी उलटून बघितला नाही, तशी गरजच पडली नव्हती.

आणि त्या वर्षी त्यांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू निघाला होता. पावसाळ्यात त्यांना सोलापूरला तपासून आणलं. डॉक्टर म्हणाले, उजवा आधी करू, उशीर करू नका, पिकत गेला की ऑपरेशन अवघड होतं. मी त्याच संध्याकाळी यादी केली. आत्यांनी ती ऐकून घेतली आणि म्हणाल्या, “मला दिसतंय की.”

“आत्या, डॉक्टर म्हणाले...”

“सुईत दोरा जात न्हाय, तेवढंच. त्याला तू हायस.”

भीती कशाची आहे ते मला माहीत होतं. परंड्याकडं दिलेल्या त्यांच्या थोरल्या बहिणीचं ऑपरेशन फार पूर्वी झालं होतं. मुदतीआधी पट्टी सोडून ती खळ्यावर गेली म्हणे, धूळ गेली, डोळा गेला. मग ती ओसरीवर बसून राहिली ती शेवटपर्यंत. आत्यांना डोळा जाण्यापेक्षा त्या बसून राहण्याची धास्ती होती. एकदा म्हणाल्या, “काम गेलं की माणूस घरात पाव्हणा होतंय. तुमच्या लॉजात पाव्हणे लई हायत. त्यात मला घालू नको.”

मी दर महिन्याला ‘आत्यांचा डोळा’ हे काम नव्या यादीवर उतरवायची. खोडायचं कधी जमलं नाही.

पाखरांचं मात्र आमचं जमलं. वर काम करताना मी खिडकीतून ओरडून विचारायची, “आत्या, आज कोण?” आणि खालून उत्तर यायचं. “तीन पोपट, भांडखोर. चिमण्या. आन् त्यो टोपीवाला.” त्या पाखरांना चालीवरून, आवाजावरून ओळखायच्या. लग्नानंतर कितीतरी वर्षं त्यांनी ज्वारीच्या पट्टीत माळ्यावर उभं राहून गोफण चालवली होती. “जल्मभर ह्यांना हुसकलं,” त्या म्हणायच्या, “आन् आता ह्या बयेपायी मुकाट्यानं जेवू घालायले. माझी सासू असती तर तिनं दोघींलाबी गोफणीत घातलं असतं.”

नवरात्राची आणि कोजागरीची गर्दी गेली. थोडी उसंत मिळाली तेव्हा तक्रारी सुरू झाल्या. सोलापूरच्या एक बाई उशी काखेत घेऊन जिना उतरून आल्या. माझ्यासमोर उशी ठेवली आणि शांतपणे म्हणाल्या, “वहिनी, ह्या उशीवर आमच्या आधी कोण झोपलं होतं?”

अभ्र्यावर पिवळा डाग होता. मी माफी मागितली, अभ्रा बदलून दिला आणि कामाला लागले. आधी साबण बदलला. पुन्हा तक्रार आली. भिजवायचा वेळ वाढवला. मग लिंबाची सावली पडते म्हणून एक तार सोडून पलीकडं बांधली. मग परत साबण बदलला. मिस्टर म्हणाले, “आता सूर्य तेवढा बदलायचा राहिलाय.” धुण्याच्या बाई माझ्या हातातला नवा पुडा बघून नुसत्या हसायच्या. कुंकवाचा डाग एकाही चादरीवर सापडत नव्हता, फक्त हळदीचाच मागं राहत होता. हे मला दिसत होतं, पण मी साबणातच अडकले होते.

मार्गशीर्षातला दिवस होता. मंगळवारची गर्दी होऊन गेली होती, पुढची शुक्रवारी. दुपारी वर कुणी नव्हतं, म्हणून मी आत्यांबरोबर घड्या घालायला मागं बसले. ऊन छान होतं. करवंट्या हलत होत्या. आमचं कशावरून तरी बोलणं चाललं होतं, बहुतेक पपई यंदा गोड का नाही यावर.

तेवढ्यात शेवग्यावर तो आला. आधी पानांत काहीतरी हललं, मग पक्षी पपईच्या करवंटीवर उतरला. साळुंकीएवढा. अंग पिवळंधमक, डोळ्यांतून गेलेली काळी रेघ, पंख काळे, चोच गुलाबी. हळद्या. मोबाइलवर मी त्याचं चित्र पन्नासदा बघितलं होतं आणि आपल्या अंगणात येईल अशी आशा कधी केली नव्हती.

“आत्या,” मी हळूच म्हटलं, “हलू नका. पपईवर बघा.”

त्यांनी मान न वळवता बघितलं. “हां. त्यो व्हय. रोज येतोय की त्यो.”

“रोज? मला सांगितलं नाही कधी.”

“त्यात काय सांगायचं? पांढरं पाखरू. पंखाला काळं. त्यो शेपटी हलवणारा परीट असंल. बघ की, आत्ताच इस्तरीतनं निघाल्यावाणी बसलाय.”

मला आधी वाटलं, चेष्टा करतायत. त्यांच्याकडं बघितलं. त्या सरळ त्या पक्ष्याकडंच बघत होत्या, थोड्या कौतुकानं.

“आत्या, तो पिवळा आहे.”

“कोण?”

“तो. हळदीसारखा पिवळा.”

“मला येडी समजू नको. पांढरा हाय.”

हळद्यानं पपईचा एक तुकडा तोडला, मान वर करून गिळला. माझी नजर त्यांच्या मांडीवर गेली. तिथं घडी घातलेले अभ्रे होते, तयार झालेले, वर खोल्यांत न्यायचे. सगळ्यात वरच्या अभ्र्यावर, घडीच्या मधोमध, पिवळा डाग होता.

आत्यांनी माझं बघणं ओळखलं. डोळे अधू असले तरी ते त्यांना बरोबर कळतं. पक्षी उडून गेला. मग त्यांनी वरचा अभ्रा उचलून उलगडला आणि माझ्यापुढं धरला.

“ह्याच्यावर काय हाय का?”

खोटं बोलणं सोपं होतं. एक अभ्रा, परत तारेवर टाकला असता. पण त्यांनी आयुष्यात मला कधी डागाबद्दल खोटं सांगितलं नव्हतं.

“आहे.”

“कुठं?”

मी त्यांचं बोट धरून डागावर ठेवलं.

“केवढा?”

“तळहाताएवढा.”

त्यांनी बोट तिथंच फिरवलं, जणू हाताला लागेल. “आन् म्या गेला म्हणून घडी घातली,” त्या म्हणाल्या. मग, “तू साबण बदलायलीस ते ह्यापायी?”

“हो.”

“मला वाटलं, पैसा जास्त झालाय.”

मग त्यांनी मांडीवरचे सगळे अभ्रे एकेक करून उलगडले. प्रत्येक माझ्याकडं द्यायच्या. मी सांगायची, आहे, नाही, आहे, थोडा आहे. ‘आहे’चा ढीग मोठा झाला. तो त्यांनी स्वतः उचलला आणि तारेवर परत टाकला. मी मदतीला उठले तर म्हणाल्या, “बस तू.”

रात्री जेवल्या नाहीत नीट. मी ऑपरेशनचा शब्द काढला नाही. त्या महिन्याच्या यादीत ते काम होतंच.

सकाळी चहा घेताना त्यांनी कपात बघत विचारलं, “त्या डाक्टरला इचार, डोळा केल्यावर चादरीचं काम किती दिसांनी करता येतंय.”

मी तिथंच फोन लावला. महिनाभर धूळ, धूर, पाणी नको, वाकायचं नाही, ओझं नाही, काळा चष्मा. त्यानंतर सगळं करा. मी फोन स्पीकरवर ठेवला होता. आत्यांनी ऐकलं, आणि डॉक्टरांना मधेच थांबवून विचारलं, “नुसतं बघायचं असंल तर? धुवायचं न्हाय. नुसतं डाग बघायचा?”

डॉक्टर हसले. म्हणाले, “आजी, बघायला हरकत नाही. त्यासाठीच तर करायचं.”

शाकंभरीची गर्दी ओसरल्यावरची तारीख घेतली. मी तीन याद्या केल्या: दवाखान्यात न्यायचं सामान, औषधांच्या वेळा, आणि मी नसताना लॉजवर काय करायचं. तिसरी मिस्टरांसाठी, त्यामुळं सगळ्यात मोठी. सोलापूरला निघायच्या सकाळी आत्यांची पिशवी तपासली तर त्यात लुगड्याखाली एक अभ्रा होता. डाग असलेला.

“हा कशाला?”

“असू दे.”

गाडीत सगळा वेळ त्यांचे हात पिशवीवर. ऑपरेशनला आत नेताना म्हणाल्या, “थोरलीनं पट्टी सोडली नव्हती, नुसती वर केली होती. लोक कायबी सांगतेत.” इतकी वर्षं त्या गोष्टीत त्या बहिणीची बाजू घेत आल्या होत्या, हे मला तेव्हा कळलं.

दुसऱ्या दिवशी पट्टी काढली. नर्सनं थेंब टाकले, बोटं दाखवून किती म्हणून विचारलं. आत्यांनी बोटांकडं लक्षच दिलं नाही. “माझी पिशवी दे,” म्हणाल्या. अभ्रा काढला, दोन्ही हातांनी उजव्या डोळ्यासमोर धरला.

“लई पिवळं हाय की गं,” त्या म्हणाल्या.

नर्सनं माझ्याकडं बघितलं. मी म्हटलं, “बरोबर सांगितलंय त्यांनी.” आणि औषधांचा कागद वाचायला घेतला.

घरी आल्यावर पहिला आठवडा लॉजवर कुणालाच सुख लागलं नाही. काळा चष्मा लावून त्या ऑफिसात बसायच्या आणि चष्म्याच्या वरून बघून एकेक गोष्ट शोधून काढायच्या. जिन्याला निळा रंग कधी दिला? (नवरात्राच्या आधी. त्यांना इतके दिवस तो राखाडी वाटत होता.) भाजीत एवढी हळद कोण घालतंय? (त्याच घालत होत्या, पिवळी दिसेपर्यंत घालायच्या.) आणि चादरी. कपाटातला जुन्या घड्यांचा गठ्ठा समोर आणायला लावला आणि म्हणाल्या, “असल्या चादरी पाव्हण्यांना देत होतीस तू? लाज न्हाय वाटली?”

“तुम्हीच घड्या घातल्या होत्या, आत्या.”

“मला दिसत नव्हतं. तुला काय झालं होतं?”

मिस्टर तोंड फिरवून पुढं निघून गेले. मी गठ्ठा परत तारेवर टाकला.

या सगळ्यात करवंट्या रिकाम्या राहिल्या. तिसऱ्या यादीत मी पाखरांचं लिहायला विसरले होते, आणि यादीत नसलेलं काम आमच्या घरात होत नाही. परळ कोरडं, पपईची फोड वाळून तारेला चिकटलेली. पाखरं गेली होती. मी सगळं धुऊन परत भरलं. सुरुवातीला चिमण्या आल्या. मग होले. महिना संपला आणि आत्यांची खुर्ची पुन्हा लिंबाखाली गेली, तोपर्यंत बुलबुलही आले.

मी वर गाद्या झटकत होते. खालून हाक आली. इतक्या जोरात, की मी जिना धावत उतरले.

“काय झालं?”

“ह्या टोपीवाल्याच्या बुडाला लाल हाय.”

“हो. असतं.”

“कधीपासून?”

“पहिल्यापासून, आत्या.”

“आन् मला कुणी सांगितलं न्हाय,” त्या म्हणाल्या. त्यांना खरंच राग आला होता. “माळ्यावर एवढी वर्षं ह्यांच्यामागं दगड मारत फिरले. बूड बघायला कुठं थांबले.”

त्या दिवसापासून रोज नवं निघायला लागलं. पोपटाच्या गळ्यातली गुलाबी रेघ. होल्याच्या छातीवरचे ठिपके. शिंजीर उन्हात आला की त्या हात वर करून मला गप्प करायच्या, मी वर असले तरी. फ्रिजवरचा कागद आता मी लिहायची आणि त्या सांगायच्या, रंगासकट. नुसतं ‘बुलबुल’ लिहिलं तर चालायचं नाही. अभ्र्यांची तक्रार एकही आली नाही. साबण परत जुनाच आणला.

हळद्या मात्र आला नाही. फाल्गुन लागला, ऊन तापायला लागलं. मी मनातून त्याचं नाव काढून टाकलं होतं. आत्यांनी काढलं नव्हतं. पपईची फोड त्या स्वतः निवडायच्या, पिकलेली, आणि करवंटी शेवग्याच्या आतल्या फांदीला सरकवायला लावली, “त्याला आडोसा लागतोय” म्हणून.

एका सकाळी मी तारेवर चादरी टाकत होते. मागं बघितलं तर आत्या खुर्चीत अगदी ताठ बसलेल्या. एक हात डोळ्यावर. मला वाटलं, डोळ्यात काही गेलं. धावत गेले तर त्यांनी दुसऱ्या हातानं मला खाली बसवलं.

तो पपईवर होता.

आत्यांनी डावा डोळा झाकला होता आणि उजव्यानं बघत होत्या. मग हात बदलला. उजवा झाकला, डाव्यानं बघितलं. परत डावा झाकला.

“ह्यानं पिवळा,” त्या हळूच म्हणाल्या. हात बदलला. “ह्यानं पांढरा.”

“नीट दिसतोय?”

“ह्यानं पिवळा. गप. ह्यानं पांढरा.” चार-पाच वेळा त्यांनी तसं केलं, लहान पोरांनी खेळ सापडल्यावर करावं तसं. हळद्या निवांत खात होता. मधेच त्यानं मान वर केली, बासरीसारखी एक शीळ घातली, आणि खाली पडलेल्या फोडीकडं बघून उडून गेला.

आत्यांनी दोन्ही हात मांडीवर ठेवले. थोडा वेळ करवंटीकडं बघत राहिल्या. ती अजून हलत होती.

“ह्या डाव्याचं लिही यादीत,” त्या म्हणाल्या. “चैत्री पुनवेच्या गर्दीच्या आधीची तारीख घे. गर्दीत चादरी लई येतेत.”

“घेते.”

“आन् पपई कमी पडायली. अजून एक करवंटी बांध.”